खराटा, गाडगं आणि स्प्रिंट

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने ‘स्क्रम’ वापरायचं ठरवलं तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही काय केलं असेल? चार रंगांच्या चिकटचिठ्ठ्या आणल्या! हॉस्टेलच्या भिंतीवर ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘झालं’ असे तीन रकाने पाडले. एक जण प्रॉडक्ट ओनर झाला, एक स्क्रम मास्टर (तो म्हणजे अस्मादिक), बाकीचे दोघे डेव्हलपर. रोज सकाळी उभ्याउभ्या पंधरा मिनिटांची मीटिंग घ्यायची असं ठरलं. आठवडाभरात ती टपरीवर बसून, चहा आणि आलुबोंड्यासकट, पाऊण तासाची झाली. दोन आठवड्यांचा पहिला स्प्रिंट संपला तेव्हा ‘चालू’च्या रकान्यात अकरा चिठ्ठ्या होत्या आणि ‘झालं’मध्ये फक्त एक. ती एक म्हणजे ग्रुपचा लोगो.

प्रोजेक्ट होता संत्रा बागायतदारांसाठी मोबाईल ॲप. वरूड-मोर्शी आमच्यापासून किती दूर? पण त्या दोन आठवड्यांत एकाही बागायतदाराशी आम्ही बोललो नव्हतो.

त्या शनिवारी गावी गेलो. गाव मूर्तिजापूर तालुक्यात. आमचे आजोबा, ज्यांना घरात सगळे आबाजी म्हणतात, ओसरीवर बसले होते. दोन आठवडे काय केलं, असं त्यांनी सहज विचारलं. मी स्क्रम समजावून सांगितलं. स्प्रिंट, बॅकलॉग, रेट्रोस्पेक्टिव्ह, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की ते ठीक आहे, पण झालं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी गाडगेबाबांचा विषय काढला. ते आठ-नऊ वर्षांचे असताना बाबा आमच्या भागात आले होते, तेव्हाचं त्यांना जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. त्यानंतर मी बाबांची चरित्रं मिळवून वाचली आणि हा लेख लिहायला घेतला.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाडगेबाबांना स्क्रम येत होतं, आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, असल्या बढाया मला मारायच्या नाहीत. ‘स्क्रम’ हा शब्द रग्बीच्या खेळातला. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली तो नवी उत्पादनं घडवणाऱ्या टीमच्या संदर्भात वापरला. १९९५ मध्ये जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी सॉफ्टवेअरसाठी त्याची पद्धत मांडली. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी ॲजाईलचा जाहीरनामा लिहिला. हा इतिहास त्यांचा आहे आणि त्यांचाच राहू द्या. मला फक्त एवढंच दिसलं, की पुस्तकातून जे डोक्यात शिरत नव्हतं ते एका माणसाच्या दिनक्रमात लख्ख दिसतंय.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. घर परिटाचं. वडील झिंगराजी दारूच्या पायी लवकर गेले. तेव्हा देबू जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, ते दापुरे गाव आमच्याच मूर्तिजापूर तालुक्यातलं, अकोला जिल्ह्यातलं. शाळेचं तोंड काही पाहायला मिळालं नाही. गुरं राखली, नांगर धरला, आणि हा पोरगा शेतीच्या कामात असा तयार झाला की मामाच्या शेताची सगळी मदार त्याच्यावर आली.

मग आला सावकार. मामा चंद्रभानजी कर्जात अडकले. कागद सावकाराचे, अंगठा मामांचा. फेडलं किती आणि राहिलं किती, हे वाचता न येणाऱ्याला कळणार कसं? शेवटी जमिनीवर जप्तीची वेळ आली. चरित्रकार सांगतात की देबूजी शेतात नांगर धरून उभा राहिला आणि कब्जा घ्यायला आलेल्यांना त्याने हटकलं. आपल्या गावात सावकाराला कुणी अडवू शकतो, हे लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मामा मात्र त्या धक्क्यातून सावरले नाहीत.

इथे मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ॲजाईलच्या जाहीरनाम्यात भरभक्कम कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर महत्त्वाचं मानलंय. त्या सावकाराची कागदपत्रं किती भरभक्कम असतील! पण जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी खाली असंही म्हटलंय की कागदांनाही मोल आहे, फक्त पहिल्या गोष्टीला जास्त. आमच्यासारखे विद्यार्थी ती ओळ सोयीने विसरतात आणि डॉक्युमेंटेशनला सुट्टी देतात. देबूजी विसरले नाहीत. ते पुढे येईलच.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची जातीची रीत होती. देबूजींनी गोडाचं जेवण घातलं. लोक चिडले, कुरकुरले, पण जेवून गेले. अख्खी जात सुधारायची योजना त्यांनी जाहीर केली नव्हती, समिती नेमली नव्हती. एका पंगतीपुरता बदल करून पाहिला, एवढंच. आपल्या भाषेत सर्वांत लहान इन्क्रिमेंट. पण ते पूर्ण होतं आणि सगळ्या भाऊबंदांच्या समोर होतं.

दुसरी गोष्ट ऋणमोचनची. भातकुली तालुक्यातलं हे गाव पूर्णा नदीच्या काठी आहे आणि तिथे पौषातल्या रविवारी मुद्गलेश्वराची यात्रा भरते. आपल्या खारपाणपट्ट्यातली काळी चिकण माती पावसाळ्यानंतरही काठावर कशी घसरते, ते इकडच्यांना सांगायला नको. यात्रेकरू, त्यातही बायका आणि म्हातारी माणसं, नदीच्या उतारावर चिखलात पडायची. देबूजी तिथे माती-दगड टाकून वाट करून द्यायचे. वाट वाहून जायची. ते पुन्हा करायचे. घर सोडल्यानंतर, १९०८ साली, त्याच ठिकाणी लोकवर्गणीतून आणि लोकांच्या श्रमातून घाट बांधायला घेतला.

आता हे आमच्या ग्रुपने कसं केलं असतं? पहिल्या दिवशी घाटाचं थ्रीडी मॉडेल. यात्रेकरू तोवर घसरत राहिले असते. देबूजींनी त्याच यात्रेत वापरता येईल अशी कच्ची वाट आधी दिली. ती वापरणाऱ्यांना पाहत राहिले. पक्का घाट नंतर आला. आमच्या गाईडनी मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट या विषयावर दोन तास घेतले होते, तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. ऋणमोचनचा चिखल डोळ्यांसमोर आणला असता तर दोन मिनिटांत समजलं असतं.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात भाकर घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं, आणि प्रसंगी तेच डोक्यावर. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कुठे गोधडे महाराजही म्हणत. दुसरी वस्तू खराटा.

आबाजींनी सांगितलेला तो दिवस असा. पहाटे कुणीतरी पाहिलं की पाराजवळ एक म्हातारा झाडतोय. कुणाला वाटलं वेडा असेल. मग कुणीतरी ओळखलं आणि गावभर बातमी गेली. बाबांनी कुणाला बोलावलं नाही, भाषण दिलं नाही. ते झाडत राहिले. नालीतला गाळ हातांनी काढला. थोड्या वेळात चार पोरं आली, मग घराघरांतून खराटे, टोपल्या, फावडी निघाली. पाटलाच्या घरचेही आले आणि गावकुसाबाहेरचेही. आबाजींच्या वाट्याला मारुतीच्या देवळामागचा उकिरडा आला होता आणि ते आजही अभिमानाने तेच सांगतात. कोण काय करतंय याची वही नव्हती. पण गाव लहान, काम डोळ्यांसमोर, त्यामुळे कुठे अडलंय ते प्रत्येकाला दिसत होतं. भाकर खायची तीही कामाच्या मोबदल्यात. फुकट खायचं नाही, हा बाबांचा आयुष्यभराचा नेम. पाया पडायला कुणी वाकला की काठी उगारायचे. हारतुरे नकोतच.

दिवस मावळायच्या आत गाव स्वच्छ. काम नव्वद टक्के झालं, थोडंसं उरलंय, असा प्रकार नाही. (हे नव्वद टक्के आम्ही गेली चार वर्षं प्रत्येक सबमिशनला सांगत आलोय.) स्क्रममध्ये ‘डेफिनिशन ऑफ डन’ असं एक प्रकरण आहे. काम झालं असं कधी म्हणायचं, ते टीमने आधीच ठरवून ठेवायचं. आबाजींच्या गावात ते ठरवायला मीटिंग लागली नाही. ज्या रस्त्याने संध्याकाळी कीर्तनाला चालत यायचं, तो रस्ता साफ झाला की काम झालं.

आणि रात्री कीर्तन. मला सर्वांत जास्त शिकवलं ते या कीर्तनाने. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे एकट्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या असं नव्हतं. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचे आणि लोकांनी उत्तरं द्यायची. कर्ज काढून सण का करता, देवाला बोकड कापता तो देव मागायला आला होता का, माणसाला शिवलं तर विटाळ कसा होतो, पोराला शाळेत का घालत नाही, असे ते विषय. उत्तर देता देता समोरच्यालाच स्वतःचं हसू यायचं. उत्तर आलं नाही तर प्रश्न बदलायचा, उदाहरण बदलायचं. म्हणजे सकाळी काम, रात्री त्याच लोकांसमोर उलटतपासणी, तीही ऐकणाऱ्यांच्या बोलीत. आम्ही रिव्ह्यूला इंग्रजीतल्या बावीस स्लाईड केल्या होत्या, आणि ज्याच्यासाठी ॲप आहे तो माणूस खोलीत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गावात नव्हते. पुढच्या गावाला निघून गेले होते.

स्क्रमच्या पुस्तकात स्प्रिंटची मुदत जास्तीत जास्त एक महिना सांगितली आहे. बाबांचा स्प्रिंट एका दिवसाचा. १९०५ पासून १९५६ पर्यंत, एक्कावन्न वर्षं, पायी, मग बैलगाडीने, रेल्वेने, शेवटी मोटारीने, हाच क्रम.

पण माझ्या मनात एक शंका राहिली आणि ती मी आबाजींना विचारली. बाबा गेल्यावर पुढच्या आठवड्यात गाव कोण झाडत होतं? आबाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की महिनाभर झाडलं, पोळ्यापर्यंत म्हणा, मग होतं तसंच झालं. हे ऐकून मला आधी निराशा आली. चरित्रांमध्ये हे कुणी फारसं लिहीत नाही. पण मला वाटतं बाबांना हे चांगलं माहीत होतं, कारण त्यांच्या कामाची दुसरी बाजू याच अनुभवातून आली असावी. काही गोष्टी एका दिवसात होत नाहीत आणि त्या टिकवायला मागे माणसं आणि व्यवस्था लागते.

म्हणून धर्मशाळा. त्या कुठे बांधायच्या, हे त्यांनी कसं ठरवलं ते पाहण्यासारखं आहे. पंढरपूरला ते वर्षानुवर्षं जायचे, पण विठ्ठलाच्या देवळात जायचे नाहीत. वाळवंटात झाडायचे, कीर्तन करायचे. तिथे त्यांना दिसलं की अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा नाही. त्यातून चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, जी पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाशी गावाकडून आलेल्या रोग्यांचे नातेवाईक फूटपाथवर झोपताना दिसले, तर तिथे धर्मशाळा. नाशिकला यात्रेकरूंसाठी. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा. नकाशा पसरून, सर्व्हे करून हे झालं नाही. जिथे ज्याची आज सर्वांत जास्त अडचण, तिथे पुढचं काम. प्रॉडक्ट ओनरने बॅकलॉगमधलं वरचं काम निवडायचं ते असं. आमच्या प्रॉडक्ट ओनरने लॉगिन स्क्रीन निवडली होती, कारण त्याला ती येत होती.

आता कागदांचं. अंगठ्यापायी मामाचं शेत गेलेलं पाहिलेल्या या माणसाने धर्मशाळांचे व्यवहार तोंडी ठेवले नाहीत. रीतसर ट्रस्ट केले, विश्वस्त नेमले आणि आपल्या घरच्यांचा या मिळकतींवर कसलाही हक्क राहणार नाही, याची काळजी घेतली. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. लाखोंची कामं हातून उभी राहिली, पण स्वतःच्या नावावर झोपडीही नव्हती. स्क्रम मास्टरने टीमचा मालक व्हायचं नाही, वाटेतले अडथळे दूर करायचे, असं पुस्तकात लिहिलंय. मी आमच्या ग्रुपचा स्क्रम मास्टर झालो त्या दिवसापासून एकही ओळ कोड लिहिला नव्हता. बाकीच्यांना फोन करून कुठवर आलं ते विचारत होतो, आणि चिठ्ठ्या इकडच्या तिकडे लावत होतो. खराटा कुणाच्या हातात होता, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ॲजाईलच्या बारा तत्त्वांपैकी एक असं आहे की कामाचा वेग असा ठेवावा, जो टीमला कायम झेपेल. बाबांचं आयुष्य या तत्त्वात बसत नाही. १९२३ च्या मे महिन्यात त्यांचा एकुलता उरलेला मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. बातमी कळली तरी कीर्तन थांबलं नाही, असं सगळी चरित्रं कौतुकाने सांगतात. मला ते वाचताना कुंताबाई आठवत राहिल्या. त्यांनी काय म्हणावं? सखुबाईंनी, कुंताबाईंनी जे सोसलं त्याचा हिशेब कुठल्याच बोर्डावर नाही. संतांना आपले नियम लावू नयेत, असं आमचे एक सर म्हणाले. असेलही. पण रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागून कोड लिहिण्यात मोठेपणा मानणाऱ्या आपल्या पिढीने या प्रसंगातून तेवढंच उचलू नये, असं मला वाटतं.

पुढच्या सोमवारी अमरावतीला परतलो आणि भिंतीवरच्या अकरापैकी दहा चिठ्ठ्या काढून टाकल्या. भांडण झालं. लॉगिन स्क्रीनवाला दोन दिवस बोलत नव्हता. एकच काम ठेवलं : आजचा संत्र्याचा भाव मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसला पाहिजे. त्या कोडला मी स्वतः बसलो. चौथ्या दिवशी मोर्शीजवळच्या एका बागेत आम्ही चौघे फोन घेऊन उभे होतो. बागायतदार काकांनी तो उन्हात धरला आणि म्हणाले की काहीच दिसत नाही बाबू, पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कोण काढतं? शिवाय त्यांना आजच्या भावाशी घेणंदेणं नव्हतं, कारण त्यांनी बहार आधीच व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. त्यांना हवं होतं ते फळगळीबद्दल. एवढं कळायला आम्हाला अर्धा तास लागला. आधीच्या दोन आठवड्यांत ते कळलं नव्हतं.

बाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालं. त्याचं ध्वनिमुद्रण झालंय, आणि ज्याला त्यांचा आवाज ऐकायचा असेल त्याने ते जरूर मिळवावं. ऐंशी वर्षांच्या आजारी माणसाचा तो आवाज, तरी प्रश्नांची सरबत्ती तीच आणि समोरून येणारी उत्तरंही तशीच. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांचा प्राण गेला.

अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि त्या भागाला गाडगेनगर म्हणतात. आपल्या विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डिग्रीवर ते असणार. २०००-०१ पासून राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि त्यातून खरोखर बरीच गावं बदलली. काही गावं तपासणी समिती यायच्या आदल्या रात्री झाडली गेली हेही खरं, अगदी आपण व्हायव्हाच्या आदल्या रात्री कोड साफ करतो तशी.

वलगावच्या त्या पुलावरून मी परवा गेलो. अमरावतीहून परतवाड्याला जाताना लागतो. एसटी पुलावर थांबत नाही, त्यामुळे खिडकीतून जेवढी दिसली तेवढीच पेढी पाहिली. पाणी थोडंच होतं आणि काठाला प्लॅस्टिक अडकलेलं होतं. बॅगेत फळगळीच्या स्क्रीनची तिसरी आवृत्ती होती. तेवढीच दाखवायची होती त्या दिवशी.